नॉर्वेचा पहिला नंबर, मुक्काम बाळकुम

आमच्या सोसायटीत कुणाचा जावई कुठल्या कंपनीत आहे आणि कुणाच्या मुलीचं अजून का जमत नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे मात्र डोंबिवलीत आजतागायत कुणाला पटलेलं नाही. मी खरं तेच सांगायचे. "नॉर्वे देशात या आठवड्यात कुठलं गाणं पहिल्या नंबरावर आहे, ते आम्ही ठाण्यात बसून काढतो." समोरचा माणूस मान डोलवून म्हणायचा, "अच्छा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये." सासूबाई तर शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या की सूनबाई बँकेत आहे. बँक म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. गाण्याशी संबंध म्हणाल, तर शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितले होते. मुलाखतीत मी हे प्रामाणिकपणे सांगितलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "छान. कान असलेली माणसं पक्षपात करतात."

ऑफिस बाळकुमला होतं. पूर्वी तिथे कारखाना होता, आता काचेची इमारत. एका बाजूच्या खिडकीतून टॉवर दिसायचे, दुसऱ्या बाजूने जुन्या गावातली कौलं आणि खाडीची रेघ. आत आम्ही आठ-दहा जण, डोक्यावर हेडफोन, समोर नॉर्वे.

आता धंदा समजावून सांगते, कारण विचारायला लाजतात लोक. गाणं पहिलं येतं म्हणजे काय? परीक्षक नसतात, मतदानही नसतं. पूर्वी दुकानात रेकॉर्डी किती खपल्या त्यावरून ठरायचं. आता लोक फोनवर ऐकतात आणि प्रत्येक ऐकण्याची नोंद राहते. कुठला फोन, कुठला भाग, कुठलं गाणं, किती वेळ. माणसाचं नाव नाही. अर्धा मिनिट ऐकलं तरच ते ऐकणं धरायचं. पैसे भरून ऐकणाऱ्याचं वजन जास्त, जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्याचं कमी. हे सगळं यंत्र करतं. मग आमची गरज कशाला? तर निवडायला. तांदूळ निवडतात तसं. कारण या धंद्यात खडे फार.

खडे म्हणजे विकत घेतलेलं ऐकणं. एका खोलीत पन्नासेक फोन मांडून ठेवायचे, सगळ्यांवर एकच गाणं लावायचं आणि दार ओढून निघून जायचं. संशयास्पद नोंदी यंत्र बाजूला काढायचं, आणि खडा की तांदूळ हे आम्ही ठरवायचं. पहिल्याच आठवड्यात मला शिकवलेलं सूत्र मी पुढे सगळ्यांना शिकवलं. एकच जागा, एकच गाणं, न थांबता पुन्हा पुन्हा आणि मधेच सोडून कुणी जात नाही, असं दिसलं की कापायचं. माणूस गाणं मधेच सोडतो. त्याला कुणीतरी हाक मारतं, दूध उतू जातं, दाराची बेल वाजते. यंत्राला घरच नसतं.

एक हौशी बाप होता. मुलीचं गाणं वर यावं म्हणून त्याने असे फोन भाड्याने घेतले. गाणं इतकं रडकं होतं की आमच्या प्रसादने हेडफोन काढून मला विचारलं, "मॅडम, हे माणसाने ऐकलंय असं म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान नाही का?" आम्ही सगळं कापलं. वर्षभराने त्या मुलीचं दुसरं गाणं आलं, ते खरोखर चांगलं होतं आणि आपल्या पायांनी वर गेलं. त्या दिवशी प्रसादने सगळ्यांना कटिंग पाजला. आमची ती रीतच होती. शुक्रवारी नंबर जाहीर व्हायचा, आणि ज्याचा अंदाज चुकला असेल त्याने इतरांना काहीतरी खिलवायचं. माझा अंदाज कायम चुकायचा, त्यामुळे ऑफिसात मी फार लोकप्रिय होते.

दुसरी एक केस आठवते. एक बदकाचं गाणं तिसऱ्या नंबरावर येऊन बसलं. नोंदी बघाव्यात तर एकाच घरात तेच गाणं सकाळपासून, थांबा म्हणून नाही. अशी शेकडो घरं. मी कापायला हात घातला तर प्रसादने अडवलं. त्याचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. "मॅडम, नीट बघा. गाणं संपायच्या आधीच पुन्हा पहिल्यापासून लावलंय. दुपारी बंद आहे, म्हणजे झोप. संध्याकाळी पुन्हा थोडं बंद आहे, म्हणजे अंघोळ. हा खडा नाही, हे पोर आहे." आम्ही बदकाला सन्मानाने तिसरं ठेवलं. नॉर्वेच्या आयांबद्दल मला तेव्हापासून आपुलकी आहे.

आता त्या वर्षाकडे येते. त्याच्याबद्दल मी आजवर फारसं कुठे बोलले नव्हते.

त्या वर्षी वसंतापासून नॉर्वेत एकाच मुलीचं राज्य होतं. ती चंदेरी पोशाख घालायची म्हणून आम्ही तिला चंदेरी म्हणायचो. गाणं ठसठशीत होतं. एकदा कानात शिरलं की भाजी घेताना, रिक्षाच्या रांगेत, देवापुढे, कुठेही उगवायचं. आठवडे जात राहिले आणि पहिल्या नंबरावर चंदेरी ती चंदेरीच. आमचा शुक्रवारचा खाऊसुद्धा बंद पडला, कारण अंदाज चुकायला वावच उरला नाही.

मग तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी एक म्हातारा आला.

तो आमच्या रेश्माने शोधला. रेश्मा बाळकुम गावातली कोळ्यांची मुलगी. तिच्या भावाची बँजो पार्टी, घरात सतत कुणाची ना कुणाची हळद वाजवायची सुपारी. ती ऑफिसला चालत यायची आणि उशीर झाला की सर्वांत जास्त कारणं तिच्याकडे असायची. कामात मात्र चोख. एक दिवस ती ओरडलीच, "मॅडम, हिकडं या! बगा, हे आमचेच लोक हायत!"

पडद्यावर एक सत्तरी ओलांडलेला माणूस. जाड लोकरीचा स्वेटर, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात भाता ओढून वाजवायची पेटी. मागे लाकडी दांड्यांचे उंच मांडव, आणि त्यांवर ओळीने वाळत घातलेले मासे. आपल्याकडे बोंबील वाळत घालतात त्या वलांडीच. फक्त मासे मोठे आणि आकाश करडं.

"आमचा आजा असाच बसायचा," रेश्मा म्हणाली. "पेटी नव्हती, पण तोंड असाच वाकडा करून गायचा."

म्हातारा उत्तरेकडच्या एका बेटावरचा. आयुष्यभर मोठ्या भावाच्या होडीवर दुसरा माणूस म्हणून काम केलं. भाऊ गेला, होडी मोडीत निघाली, आणि त्याने होडीवर गाणं केलं. नातीने ते फोनवर टिपून चढवून दिलं. तिकडच्या एका पेपरात त्याची मुलाखत आली होती, ती रेश्माने यंत्राकडून मराठीत करून घेतली. त्यात त्याने म्हटलं होतं, "जन्मभर मी दुसरा राहिलो. जायच्या आधी एकदा पहिला नंबर कसा असतो ते बघायचंय."

झालं. ऑफिसने म्हाताऱ्याला दत्तक घेतलं. प्रसादने त्याचा फोटो खांबावर लावला. रेश्माने गावदेवीला नारळ बोलला. आणि मी, पक्षपात करणार नाही म्हणून नोकरीवर ठेवलेली बाई, घरी भाकरी थापताना त्याची चाल गुणगुणायला लागले. आमचे हे जेवता जेवता थांबले. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, त्यांनी मला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

"बरं नाही का वाटत?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना म्हाताऱ्याची सगळी कथा सांगितली. गाणं विसावं आलं, मग अकरावं, पाचवं. आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुसरं. वर फक्त चंदेरी. "अगदी थोडक्यात राहिलंय हो," मी म्हटलं. "जीव टांगणीला लागलाय." हे नुसते "हं" म्हणाले. बायकोच्या बोलण्याला पुरुषमाणूस "हं" म्हणतो तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं, असं मी समजत होते.

गणपतीची सुट्टी संपवून ऑफिसला आले तर रेश्मा दारातच. "मॅडम! म्हातारा पहिला आला!"

कच्चा आकडा खरंच तसा होता. म्हातारा पहिला, चंदेरी दुसरी, मधे केसाएवढं अंतर. प्रसाद नाचत होता. कुणीतरी पेढे मागवले होते. मी म्हटलं, थांबा, निवडून तर होऊ दे. माझ्या टेबलावर संशयास्पद नोंदी येऊन पडल्या होत्या आणि त्या आठवड्यात त्या जरा जास्तच होत्या.

सगळ्या राजधानीच्या एकाच उपनगरातल्या. घराघरांत फोन अखंड चालू. एकच गाणं, मधे कुणी सोडून जात नाही, झोप नाही, अंघोळ नाही. शनिवार-रविवारी तर एका शाळेच्या हॉलमध्ये दिवसभर तेच. गाणं म्हाताऱ्याचं. कुणीतरी त्याच्यासाठी ऐकणं विकत घेतलंय, असंच वाटलं.

असा संशय असला की ते फोन आणखी काय वाजवतात ते बघायची मुभा होती. मी हॉलमधला फोन उघडला. म्हाताऱ्याचं गाणं. म्हाताऱ्याचं गाणं. म्हाताऱ्याचं गाणं. गणपतीची आरती. म्हाताऱ्याचं गाणं.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आरतीच होती. मागोमाग मंत्रपुष्पांजली.

त्या उपनगरात माझी नणंद राहते. नंदावे तिथल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"अगं वहिनी, झालं का काम?" तिने उचलताच विचारलं. "दादाने सांगितलं ना, तुझं प्रमोशन अडलंय या गाण्यावर. मग आम्ही सगळं मंडळ कामाला लावलं. घरोघरी जुने फोन काढून चार्जिंगला लावून ठेवलेत. हॉलमध्ये तर आरती सोडली तर दुसरं काही वाजवलंच नाही. अध्यक्ष वैतागले, पण मी म्हटलं, घरच्या माणसाचा प्रश्न आहे. आणि अगं, स्वीडनच्या मंडळालाही सांगितलंय!"

"स्वीडन आमच्याकडे नाही गं," मी म्हटलं.

"अगंबाई! मग त्यांचं फुकटच गेलं?"

मी जिन्यात बसून राहिले. माझ्या घरात प्रमोशनचा विषय कधी निघालेला नव्हता. प्रमोशन म्हणून काही उरलंच नव्हतं, मी विभागात सगळ्यांत वरच होते. पण बायकोचं काम अडलं म्हणजे चार नातेवाईकांना फोन करायचे, ही आमच्या ह्यांची जन्माची पद्धत. गॅसचा सिलिंडर असो, शाळेचा प्रवेश असो, नाहीतर नॉर्वेचा पहिला नंबर.

आत आले. रेश्माला आणि प्रसादला टेबलाशी बोलावून सगळं सांगितलं. प्रसाद हसून हसून खाली बसला. रेश्मा हसली नाही.

"मग काय करनार तुमी?" तिने विचारलं.

"कापणार."

"का? ही मानसंच हायत ना, मॅडम? फोन भाड्याने नाय घेतले. हॉलमधी येवढी मानसं बसलेली, त्यांनी आयकलाच ना गाना?"

"हॉलमधल्यांनी ऐकलं. घरातले फोन भिंतीने ऐकले. आणि वाजवा म्हणून सांगितलं ते माझ्या घरातून."

"कोनाला कळनार हाय? ह्या नोंदी तुमच्याच टेबलावर येतात. तुमी तांदूल म्हना, तांदूल."

खरं होतं ते. तिकडचा आमचा माणूस एरिक, तो माझ्या निवाड्यावर डोळे मिटून सही करायचा. माझं एक बटण, आणि म्हातारा पहिला. खांबावरच्या फोटोत तो तोंड वाकडं करून गात होता. मला तो पहिला यायला हवा होता. इतक्या वर्षांत कुठल्याही गाण्याबद्दल मला असं वाटलं नव्हतं. मला त्या रडक्या गाण्यावाल्या मुलीचा बाप आठवला, त्याच्या पन्नास फोनांसकट. त्यालाही त्याचं माणूस पहिलं यायला हवं होतं, आणि मी क्षणाचाही विचार न करता कापलं होतं.

मी कापलं. हॉल कापला, घरं कापली, नणंदेचे जुने फोन एकेक करून कापले. म्हातारा दुसरा झाला. चंदेरी पहिली, अगदी थोडक्यात. एरिकला सगळं खरं कळवलं, आरतीसकट, आणि पुढे असं झालं तर मी राजीनामा देईन असंही लिहिलं. त्याचं उत्तर आलं की राजीनामा नको, पण आरती म्हणजे काय ते सांगा, चाल चांगली आहे.

पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याचं गाणं पाचवं आलं, मग नववं. उतरणीला लागलेलं गाणं परत चढत नाही. डिसेंबरात दरवर्षीप्रमाणे नाताळची जुनी गाणी पेटीतून बाहेर आली आणि त्या गर्दीत ते यादीतून गेलंच. एरिकने एकदा सहज लिहिलं, म्हाताऱ्याला दुसरा आल्याचं कळवलं तेव्हा तो म्हणाला, "ती जागा माझ्या ओळखीची आहे." हे वाचून मला रडू आलं. घरी ह्यांच्याशी मी आठवडाभर धड बोलले नाही. त्यांना बिचाऱ्यांना आपलं काय चुकलं हे कळेना. "मदतच केली ना?" एवढंच म्हणत राहिले.

रेश्मा कामापुरतं बोलायची. पूर्वी डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी ती न विचारता माझ्या पानात वाढायची, ते थांबलं. फोटोही तिने खांबावरून काढून नेला. मी नियम पाळला होता आणि तो पाळायलाच हवा होता, अजूनही मला तसंच वाटतं. पण चटणीची आठवण यायची, आणि खांब नुसता दिसायचा.

मार्च संपता संपता ती माझ्या टेबलाशी आली. हातात पत्रिका होती. "भावाचं लगीन हाय. हलदीला या, मॅडम. साहेबांना पण आना."

"अजून रागावली आहेस?"

"रागावले नाय. पण या तुमी."

आम्ही दोघं गेलो. टॉवरांच्या मागे गावात शिरलो की रस्ता एकदम अरुंद होतो. अंगणात मांडव, नवरदेव पाटावर, बायकांच्या अंगावर हिरवी लुगडी आणि सोनं. सूर्य अजून मावळायचा होता. भावाची स्वतःचीच पार्टी वाजवणार म्हणून सगळं गाव लोटलेलं. नवरा हळदीत आणि पार्टी नवऱ्याची, म्हणजे वाजवणाऱ्यांचा उत्साह विचारू नका.

दोन-तीन गाणी झाली. मग बँजोवाल्याने एक सूर छेडला आणि माझ्या मानेवर काटा आला. मला कान नाही, पण ती चाल मी भाकऱ्या थापताना गुणगुणलेली होती. म्हाताऱ्याची होडी. खाली ढोलकी आणि ताशा, लय दुप्पट, आणि मधे मधे बायकांचा हुंकार. शब्द कुणाला माहीत नव्हते, त्यामुळे कुणी अडलं नाही.

संपलं तसा एकच गिल्ला झाला. "वन्स मोर!" पुन्हा वाजलं. पुन्हा गिल्ला. म्हाताऱ्या उठल्या, पोरं उठली, आमच्या ह्यांना कुणीतरी हाताला धरून ओढलं आणि हे चक्क नाचायला लागले. नवरदेव पाटावरून उठायला बघत होता, त्याला मामीने दाबून धरला होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, मग मोजायचं सोडलं. जेवणाची पंगत तयार होती, तिकडे कुणी फिरकेना.

रेश्मा फोन उंच धरून टिपत होती. हळदीने पिवळी झालेली, घामाने निथळणारी, हसत होती.

"एरिकला धाडनार," ती माझ्या कानात ओरडली. "म्हाताऱ्याला दाखव म्हनावं."

"काय लिहिणार?"

"लिवनार, बाळकुमला या गान्याचा पयला नंबर हाय. तपासनीस मॅडम सोता हजर होत्या."

आता ते काम माणसं करत नाहीत. यंत्राचं ऐकणं यंत्रच पकडतं, आमचा विभाग बंद झाला, त्या खिडकीशी आता दुसऱ्याच कुठल्या कंपनीचे लोक बसतात. पण त्या संध्याकाळी मी अजून नोकरीत होते आणि सवय काही सुटत नाही. नाचणाऱ्यांच्या कडेला उभी राहून मी मनात नोंदी तपासल्या. एकच जागा. एकच गाणं. न थांबता, पुन्हा पुन्हा. कुणीही मधेच सोडून जात नाही.

मी एकही कापली नाही.